उजेडाची तारीख

लाँगयिअरब्येन गावात एक लाकडी जिना आहे. तो कुठेच जात नाही. पूर्वी त्याच्या वरच्या अंगाला इस्पितळ होते. इमारत गेली, पायऱ्या राहिल्या. एरवी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही, पण दर वर्षी ८ मार्चला, दुपारी एकच्या सुमाराला, अर्धे गाव त्यांच्यासमोर बर्फात येऊन उभे राहते. पोरांनी तोंडे पिवळी रंगवलेली असतात, डोक्याला पुठ्ठ्याचे किरण बांधलेले असतात. सगळे मिळून सूर्याला हाका मारतात. डोंगराच्या खांद्यावरून पहिली तिरीप येऊन पायऱ्यांवर पडली की सूर्य गावात परत आला असे धरायचे, अशी तिथली रीत.

हे गाव नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इथला सूर्य क्षितिजाखाली जातो, तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. वर आल्यावरही आणखी तीन आठवडे दक्षिणेकडचे डोंगर त्याला अडवून धरतात. म्हणजे आपल्या गॅलऱ्यांत आकाशकंदील लागतात साधारण त्या सुमाराला तिथला सूर्य जातो आणि आपल्याकडे शिमग्याचे वेध लागतात तेव्हा परततो. १९०६ साली जॉन मन्रो लाँगयिअर नावाच्या अमेरिकन माणसाने कोळशासाठी हे गाव वसवले. शंभराहून जास्त वर्षे इथली माणसे बाहेरच्या काळोखातून उठून खाणीतल्या काळोखात कामाला गेली. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ च्या उन्हाळ्यात बंद झाली. खाणी गेल्या, सूर्याच्या स्वागताचा आठवडा मात्र गाणी-नाटुकल्यांसह चालू आहे.

आता ८ मार्चला आभाळ भरलेले असले तर? पुष्कळदा असतेच. तरी लोक जमतात, हाका मारतात, कॉफी पितात आणि घरी जातात. सण पुढे ढकलला जात नाही. सूर्य दिसला की नाही हा हवामानाचा प्रश्न झाला. तो आला की नाही हे पंचांग सांगते आणि ते पंचांग चुकत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या माणसांचा हिवाळा समजून घ्यायला लागलो तेव्हा मला वाटले होते की काही विलक्षण मनोबलाच्या कथा हाती लागतील. हाती लागले ते बहुतांशी वेळापत्रक. त्यांच्या आशेला तारीख आहे, आणि त्या तारखेपर्यंत रोज काय करायचे हेही ठरलेले आहे.

वसंताची वाट बघणे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. आपल्याकडे वसंत म्हणजे पळस फुलला, कैऱ्या धरल्या आणि उन्हाचा चटका सुरू झाला. आपण वाट बघतो पावसाची. तिलाही तारीख आहे, ७ जूनची, मृगाची. पण ती पाळायची की नाही हे पावसाच्या मर्जीवर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते कुणी सांगायला नको. नॉर्वेच्या सूर्याने आजवर कुणाला दगा दिलेला नाही. म्हणून तिथल्या लोकांच्या धीराचे कौतुक करताना मी हात थोडा आखडता घेतो. तारीख माहीत असताना थांबणे आणि तारीख माहीत नसताना थांबणे, यांत दुसऱ्याला जास्त छाती लागते.

तरीही पहिले सोपे नाही. ट्रॉम्सो हे ६९ अंशांवरचे शहर घ्या. पाऊण लाखाच्या घरातली वस्ती, विद्यापीठ, बंदर. समुद्रातून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे तिथले पाणी गोठत नाही. २७ नोव्हेंबरच्या आसपास सूर्य जातो. जानेवारीच्या मध्याला तो क्षितिजावर येतो, पण डोंगरांमुळे शहराला दिसतो २१ जानेवारीला. मधल्या काळात दिवसरात्र काळामिट्ट अंधार असतो, ही आपली समजूत मात्र खरी नाही. ऐन डिसेंबरातसुद्धा भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या तीनच अंश खाली असतो. त्यामुळे दुपारचे काही तास आकाशाला रंग येतो. दक्षिणेच्या कडेला गुलाबी, वर गर्द निळा, आणि खालचा बर्फ तोच निळा रंग घेऊन पसरलेला. डिसेंबरच्या पौर्णिमेला चंद्र तर मावळतच नाही. उन्हाळ्यात सूर्य ज्या उंच वाटेने फिरतो, त्याच वाटेने हिवाळ्यातला पूर्ण चंद्र फिरतो. आभाळ मोकळे असले तर ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलतात.

रस्त्यावर उतरले की त्या अंधाराचा संसार दिसतो. घराघरांच्या खिडकीत सात विजेच्या दिव्यांचे त्रिकोणी दीपदान ठेवलेले असते, शेजारी कागदी तारा. पडदे बहुधा ओढलेले नसतात, त्यामुळे घरातला उजेड चालणाऱ्याच्या वाटेवर पडतो. कोटाला चमकणारी पट्टी, कुत्र्याच्या पट्ट्याला लुकलुकणारा दिवा, बुटांखाली घसरू नये म्हणून लोखंडी दाते. शहर ज्या बेटावर आहे त्याच्या पाठीवर, मधोमध, स्कीइंगची वाट आहे. तिच्या कडेने खांबावर दिवे आहेत आणि काम सुटल्यावर लोक तिथे घसरायला जातात, आपण संध्याकाळी टेकडीवर जातो तसे. जानेवारीत, सूर्य अजून यायचा असताना, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तो १९९१ पासून चालू आहे. आयोजकांनी निवडलेला मोसम मला फार पसंत आहे. चित्रपटाला अंधार लागतोच, आणि तो गावात फुकट मिळतो.

याच काळात मासा येतो. बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला दक्षिणेला लोफोटेन बेटांकडे निघतो. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा हंगाम. उत्तर नॉर्वेची कित्येक शतकांची कमाई या माशावर उभी आहे. पकडलेला कॉड साफ करून, शेपटीला शेपटी बांधून, उघड्यावर लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही, चूल नाही, थंड वारा त्याला मे महिन्यापर्यंत वाळवतो. हा सुका मासा मध्ययुगापासून परदेशी जातो. आज त्याचे मोठे गिऱ्हाईक इटली आणि नायजेरिया. आपल्या कोळीवाड्यांत बोंबील वाळतो तो उन्हात, इथला वाळतो तो थंडीत. ताज्या माशाचा तुकडा, त्याचेच काळीज आणि गाबोळी असे एकाच ताटात वाढून खायची पद्धत आहे, आणि ती निव्वळ चवीसाठी नाही. उन्हाशिवाय कातडीला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, माशाच्या काळजात मात्र ते भरपूर असते. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ आहे त्या महिन्यांत रोज चमचाभर कॉडचे तेल घ्यायचे, असा नॉर्वेतल्या आया-आज्यांचा दंडक आहे. त्यांच्या भाषेत असे महिने सप्टेंबर ते एप्रिल. आपल्याकडे ज्यांच्या लहानपणी या तेलाच्या पिवळ्या गोळ्या जबरदस्तीने गिळवल्या गेल्या, त्यांना तिथल्या पोरांबद्दल सहानुभूती वाटेल.

आणि मग २१ जानेवारी. त्या दिवशी गावातल्या बेकऱ्यांपुढे रांगा लागतात. तळलेले, आत मुरंबा भरलेले गोल गोड पाव घ्यायचे, शाळेत आणि ऑफिसात वाटायचे. दुपारी मुलांना वर्गाबाहेर आणतात. सूर्य काही मिनिटे कडेवरून डोकावतो आणि जातो. पण तिथून दिवस झपाट्याने वाढू लागतो. रोज दहा-दहा मिनिटांच्या उड्या घेत मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो इतका मोठा होतो की सूर्य मावळायचाच थांबतो.

पुढे स्टॅनफर्डला गेलेली मानसशास्त्रज्ञ कारी लिबोविट्झ २०१४ मध्ये ट्रॉम्सोला राहायला गेली ती एक प्रश्न घेऊन. इतक्या अंधारात माणसे खचत का नाहीत? गेल्यावर तिच्या लक्षात आले की गावातल्या पुष्कळांना हा प्रश्नच उमगत नाही. त्यांच्या लेखी हिवाळा म्हणजे सहन करायची शिक्षा नव्हती, त्यात करण्यासारखे बरेच काही होते. मग तिने हिवाळ्याकडे बघण्याची दृष्टी मोजायची प्रश्नावली तयार केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आणि योआर व्हिटरसो यांच्या अभ्यासात दिसले ते असे की दक्षिणेतल्या लोकांपेक्षा उत्तरेतल्या लोकांची दृष्टी जास्त अनुकूल होती आणि ज्यांची दृष्टी अनुकूल, त्यांचे समाधानही जास्त. अर्थात याचा अर्थ लावताना जपून. ज्यांना हिवाळा सोसत नाही ते उत्तरेत टिकतच नाहीत, दक्षिणेला निघून जातात, हीही शक्यता आहे.

शरीराचे म्हणणे वेगळे असते. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात ओसरणाऱ्या औदासीन्याला आजार म्हणून पहिल्यांदा नाव दिले. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात स्वतःचा उत्साह का आटतो, हे त्यांनी आधी स्वतःवरच पाहिले होते. या आजारात झोप वाढते, गोडधोड खावेसे वाटते, कामात मन लागत नाही. उपचार म्हणून सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्सचा असतो, म्हणजे फरक लक्षात येईल. पुढे, २००० च्या आसपास, डोळ्याच्या पडद्यात दृष्टीशी फारसा संबंध नसलेल्या काही पेशी सापडल्या. त्या मेंदूला एवढेच कळवतात की उजाडले आहे की नाही. सकाळ झाली हा निरोप गेला नाही तर शरीराचे घड्याळ घसरते. ट्रॉम्सोच्या लोकांनाही अंधाराच्या काळात झोपेची तक्रार असते, तिथल्या पाहण्यांत ते दिसते. तेव्हा ‘नॉर्वेचे लोक अंधारावर प्रेम करतात’ असे मेणबत्त्यांच्या जाहिरातींतून येणारे चित्र मला अर्धवट वाटते. शंभर युरोंच्या लोकरी शालीने घड्याळ जागेवर येत नाही.

दिव्याच्या उपचाराची सुरुवात मात्र रोझेन्थालच्या खूप आधी, बर्फात अडकलेल्या एका जहाजावर झाली. ‘बेल्जिका’ हे बेल्जियमचे जहाज १८९७ मध्ये अँटवर्पहून निघाले आणि मार्च १८९८ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात रुतले. मेच्या मध्यावर सूर्य गेला. अंटार्क्टिक वर्तुळाच्या आत हिवाळा काढणारी ही पहिलीच माणसे, त्यांना पुढे काय होणार याचा अंदाज नव्हता. एक अधिकारी जूनमध्ये वारला. नाड्या धडधडू लागल्या, पाय सुजले, एक खलाशी भ्रमिष्ट झाला. कप्तानाने आणि मोहिमेच्या प्रमुखाने मृत्युपत्रे लिहून ठेवली. जहाजाभोवती फेऱ्या मारायच्या वाटेला खलाशांनीच वेड्यांची वाट असे नाव दिले होते. जहाजावरचा डॉक्टर फ्रेडरिक कुक याने दोन गोष्टी सक्तीने सुरू केल्या. पहिली, पेंग्विन आणि सीलचे ताजे मांस खायचे. दुसरी, आजाऱ्याने कपडे काढून रोज तासभर भट्टीच्या जाळासमोर बसायचे. माणसे सावरली. मांसाने स्कर्व्ही हटला हे आज आपल्याला कळते. जाळाच्या उजेडाचा वाटा किती, हे सांगणे अवघड आहे, पण अंधाराने ढासळलेल्या माणसाला उजेडासमोर बसवण्याची कल्पना कुकची. पुढे हाच कुक अमेरिकेत फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. तेव्हा ‘बेल्जिका’वरचा त्याचा जुना सोबती, दक्षिण ध्रुव जिंकून जगप्रसिद्ध झालेला रोआल आमुंडसेन, त्याला मुद्दाम तुरुंगात भेटायला गेला होता.

त्याच १८९८ साली, ‘बेल्जिका’ अंधारात रुतलेली असताना, येरवड्याच्या तुरुंगात एक कैदी ध्रुवीय रात्रीची टिपणे जमवत होता. बाळ गंगाधर टिळकांना राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली होती. प्राध्यापक मॅक्समुल्लर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना तुरुंगात पाठवली. सरकारने ती वापरायला परवानगी दिली, आणि त्याबरोबर रात्री काही तास वाचायला दिवाही दिला. टिळकांनी ही गोष्ट पुढे प्रस्तावनेत कृतज्ञतेने नोंदवली आहे. शिक्षेची मुदत संपण्याआधी, सप्टेंबर १८९८ मध्ये, ते सुटले. त्यांचा आर्यांच्या आर्क्टिक वसतिस्थानाबद्दलचा इंग्रजी ग्रंथ पुण्यात १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचा मोठा भाग पहाटेबद्दल आहे. पुण्यात पहाट फुटल्यापासून सूर्य वर येईपर्यंत पंचवीसेक मिनिटे लागतात. चहा होईपर्यंत ती संपते. मग वेदांत उषेची एवढी सूक्ते का? ती एकवचनात येते तशी अनेकवचनातही का येते? तैत्तिरीय संहितेत तीस बहिणी म्हणून तिचा उल्लेख का? सूर्योदयापूर्वी होत्याने, म्हणजे ऋचा म्हणणाऱ्या ऋत्विजाने, हजार ऋचांचे पठण करायचे असा विधी आहे, तेवढी पहाट उरेल कशी? रात्रीचा पैलतीर दिसू दे अशी काकुळतीची प्रार्थना रोज बारा तासांच्या रात्रीत झोपणाऱ्या माणसाला का सुचावी? टिळकांचे उत्तर होते की ही पहाट ध्रुवाजवळची, आठवडेच्या आठवडे क्षितिजावर फिरत राहणारी आहे. अमेरिकन लेखक वॉरन याने ध्रुवावरच्या पहाटेची वर्णने संकलित केली होती, त्यांचा टिळकांनी आधार घेतला.

आजचे इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ हा सिद्धांत मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सूक्तांतल्या उपमांवरून लोकांचे मूळ गाव शोधणे हा कच्चा पाया. पण ती प्रकरणे आज पुन्हा वाचताना मला एक गोष्ट पटते. ध्रुवप्रदेशात पाऊल न टाकलेल्या त्या माणसाने, तुरुंगातल्या दिव्याखाली, लांब रात्रीच्या शेवटी वाट बघणाऱ्याचे मन बरोबर ओळखले होते. लाँगयिअरब्येनच्या पायऱ्यांपुढची पोरे त्यांना नवी वाटली नसती. टिळकांच्या शिक्षेलाही तारीख होती. त्या काळात त्यांनी काम काढले, हाही त्यांचा स्वभाव.

सूर्य येत नसेल तर आणायचा, असे ठरवणारेही लोक आहेत. दक्षिण नॉर्वेत, ध्रुववर्तुळापासून खूप खाली, र्‍यूकान नावाचे गाव एका अरुंद दरीत आहे. दरी पूर्वपश्चिम, दक्षिणेला उंच डोंगर. सप्टेंबरअखेर ऊन जाते ते मार्चच्या मध्याला परत येते. गंमत अशी की गाव वसले तेच विजेसाठी. सॅम आयदे या उद्योजकाने इथल्या धबधब्यावर १९११ मध्ये त्या काळचे जगातले सर्वांत मोठे वीजकेंद्र उभे केले आणि त्या विजेवर हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायला सुरुवात केली. कामगारांची वस्ती मात्र सावलीत. १९१३ मध्येच एका हिशेबनिसाने स्थानिक वर्तमानपत्रात सुचवले की डोंगरावर आरसा लावून ऊन खाली पाडावे. तेव्हा ते जमण्यासारखे नव्हते. म्हणून खत बनवणाऱ्या कंपनीने १९२८ मध्ये गावासाठी तारेवरची पाळणागाडी बांधली. कामगारांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी त्यात बसायचे, डोंगरावर जायचे आणि थोडा वेळ उन्हात उभे राहून खाली यायचे.

आरसा लागायला शंभर वर्षे गेली. मार्टिन आंदर्सन नावाचा कलाकार गावात राहायला आला आणि त्याने जुनी कल्पना उकरून काढली. पन्नास लाख क्रोनर खर्च. आधी पाळणाघरे बघा, रस्ते बघा, हा आरशाचा नाद कशाला, म्हणून गावातून विरोधही झाला, आणि तो ऐकताना आपल्याला आपल्याच एखाद्या नगरपालिकेची सभा आठवावी. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये चौकापासून साडेचारशे मीटर उंचीवर, प्रत्येकी १७ चौरस मीटरचे तीन आरसे बसले. संगणक त्यांना सूर्याच्या चालीप्रमाणे फिरवतो. खाली चौकात पडतो तो लंबगोल उजेड, सुमारे सहाशे चौरस मीटरचा. उद्घाटनाला लोक काळे चष्मे लावून, आरामखुर्च्या टाकून, त्या तुकड्यात बसले होते. बाकीची दरी तशीच सावलीत. आरशाने शेती पिकत नाही, घरे ऊबदार होत नाहीत. पण नोव्हेंबरातल्या मोकळ्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला बाकावर बसून तोंडावर ऊन घेता येते. इटलीतल्या व्हिगनेल्ला या खेड्याने असाच आरसा २००६ मध्ये लावला होता.

आपल्याकडचीही माणसे आता या अंधारात राहतात. अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांची व्यवस्था गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालते. तिथे हिवाळ्यासाठी थांबलेले पथक मे ते जुलै सूर्याशिवाय काढते. २१ जूनला, म्हणजे आपल्याकडे मृगाचा पाऊस चालू असताना, अंटार्क्टिकावरचे सगळे देश एकमेकांच्या तळांना मध्यहिवाळ्याच्या शुभेच्छा पाठवतात. उत्तरेला, स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंड वस्तीत, भारताचा ‘हिमाद्री’ तळ २००८ पासून आहे. पण तिथे जायचे ते उन्हाळ्यात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा भारताचे पथक भर अंधारात तिथे गेले. त्या पथकात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचेही संशोधक होते. टिळकांच्या गावातून ध्रुवीय रात्रीत कामासाठी माणूस पोचायला एवढा काळ लागला.

शेवटी एक सूचना, तुमच्यापैकी ज्यांची मुले शिकायला किंवा नोकरीला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, स्कॉटलंड, कॅनडाकडे गेली आहेत त्यांच्यासाठी. पहिला हिवाळा बहुतेकांना जड जातो. पोर फोनवर कमी बोलायला लागले, दुपारपर्यंत झोपायला लागले, तर ते आळशी झाले असे समजून झापू नका. रोज दुपारी, उरलेसुरले जे उजाडेल त्या वेळात बाहेर पड, असे सांगा. उजेडाचा दिवा आणि ड जीवनसत्त्व याबद्दल तिथल्या डॉक्टरला विचारायला लावा. मन फारच खाली गेले असेल तर मार्चची वाट बघत बसू नका. आत्महत्यांचे प्रमाण अनेक देशांत हिवाळ्यापेक्षा वसंतात जास्त असते, तेव्हा ऊन आले की सगळे आपोआप ठीक होईल हा भरवसा धरण्यात अर्थ नाही. फराळाचा डबा पाठवालच. त्याबरोबर एक करा. त्या गावात सूर्य कधी परततो किंवा दिवस कधी मोठा होऊ लागतो ती तारीख शोधा, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी न विसरता फोन करा. ट्रॉम्सोला जानेवारीत दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचार झालेले असतात.